पेठ आणि घड्याळ: नागपुरातली आडबाजूची ठिकाणं आणि खरं जेवण कसं शोधावं

नागपूरला दोन दिवसांसाठी येणारा माणूस बहुधा ठरलेल्या वाटेनं जातो. दीक्षाभूमी, फुटाळ्याची चौपाटी, मोठ्या पाटीच्या एखाद्या एसी हॉटेलात ‘सावजी स्पेशल’ (सावजी म्हणजे इथलं तिखट रश्शाचं जेवण), आणि परतताना स्टेशनवरून संत्रा बर्फी. दीक्षाभूमी पाहायलाच हवी, तिच्याबद्दल दुमत नाही. बाकीच्या यादीत मात्र नागपूर फार थोडं आहे. या शहरात चांगली गोष्ट कुठे आहे यापेक्षा ती कोणत्या वेळी आणि कोणत्या पेठेत आहे, हे आधी कळावं लागतं. दुपारी बाराला तर्री पोहा (चण्याचा तिखट रस्सा ओतलेला पोहा) शोधणारा आणि सोमवारी अजब बंगल्याच्या, म्हणजे इथल्या संग्रहालयाच्या, फाटकाशी उभा राहणारा, दोघंही पत्ता बरोबर घेऊनच आलेले असतात.

आधी तारखा बघा

तिकीट काढण्यापूर्वी चार गोष्टी तपासा. एक, ऊन. एप्रिल ते जूनच्या मध्यापर्यंत पारा ४५ अंशांच्या आसपास फिरतो आणि सकाळी दहानंतर पायी भटकणं मूर्खपणाचं ठरतं. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा उत्तम काळ. दोन, डिसेंबरमधलं विधिमंडळाचं हिवाळी अधिवेशन. त्या दिवसांत सिव्हिल लाइन्स आणि झिरो माइल भागात मोर्चे, बंद रस्ते, वळवलेली वाहतूक असते आणि लॉजपासून बड्या हॉटेलांपर्यंत खोल्या मिळणं अवघड होतं. पाहण्यासारखी निम्मी जुनी ठिकाणं नेमकी त्याच भागात आहेत, म्हणून अधिवेशनाचा आठवडा टाळलेला बरा. तीन, दसरा आणि १४ ऑक्टोबर. १९५६ साली याच तारखेला, अशोक विजयादशमीच्या दिवशी, बाबासाहेबांनी इथे बौद्ध धम्माची दीक्षा घेतली. या दिवसांत लाखो लोक येतात. त्या सोहळ्यासाठीच येत असाल तर अवश्य या, शहर बघायला म्हणून नको. चार, सीताबर्डीचा किल्ला. तो लष्कराच्या ताब्यात आहे आणि सामान्यांसाठी वर्षातून तीनच दिवस उघडतो: २६ जानेवारी, १ मे आणि १५ ऑगस्ट. नोव्हेंबर १८१७ मध्ये अप्पासाहेब भोसल्यांचं सैन्य आणि इंग्रज याच टेकड्यांवर लढले. तीनपैकी एखादा दिवस जुळत असेल तर ओळखपत्र घेऊन सकाळी लवकर रांगेत लागा. जुळत नसेल तर ‘बघू, सोडतील’ म्हणून फाटकापर्यंत जाऊ नका. सोडत नाहीत.

वाहनाचं गणित सोपं आहे. मेट्रोच्या दोन मार्गिका सीताबर्डीला एकमेकींना छेदतात. ऑरेंज लाइन खापरी ते ऑटोमोटिव्ह चौक, ॲक्वा लाइन लोकमान्य नगर ते प्रजापती नगर. जुनं शहर पूर्वेला आणि नवं पश्चिमेला, म्हणून ॲक्वा लाइन जास्त कामी येते. मुक्काम सीताबर्डी, धंतोली किंवा रामदासपेठेत ठेवा. विमानतळाच्या बाजूला, वर्धा रोडवर राहिलात तर सकाळच्या पोह्यालाही प्रवास करावा लागेल. जुन्या पेठांत स्वतःची गाडी नेऊ नका. गल्ल्या अरुंद आहेत आणि पार्किंग शोधण्यातच तासभर जातो.

नकाशावर ठिकाणं नव्हे, पेठा खुणा करा

जुन्या नागपुरात कोणता समाज, कोणता धंदा कुठे वसला हे अजूनही वस्तीच्या नावावरून आणि दुकानांवरून कळतं. इतवारी, बुधवारी, शुक्रवारी ही वारांची नावं बाजारावरून पडली. ‘ओळी’ म्हणजे एका कारागिरीची गल्ली. म्हणून फोनवरच्या नकाशात ‘टॉप टेन’ शोधण्याऐवजी पाच-सहा वस्त्या खुणा करून ठेवा आणि प्रत्येकीपुढे तिची वेळ लिहा.

महाल: सकाळी साडेसहा ते नऊ. जुम्मा दरवाजा, म्हणजे आजचं गांधी गेट, इथून सुरुवात करा. भोसल्यांचे वाडे, नक्षीदार खांबांची जुनी देवळं, कल्याणेश्वर आणि रुक्मिणी मंदिर, गोंड राजाच्या किल्ल्याचा परिसर हे सगळं पायी फिरण्याच्या टप्प्यात आहे. गोंड राजा बख्त बुलंद शहानं अठराव्या शतकाच्या आरंभी वसवलेलं शहर आणि त्यावर चढलेलं भोसल्यांचं शहर इथे एकाच गल्लीत दिसतं. दोन चुका नेहमी होतात. पहिली, वाडा म्हणजे संग्रहालय समजून आत शिरणं. बहुतेक वाड्यांत आजही लोक राहतात, बाहेरून बघा, आत जायचं तर विचारा. दुसरी, नजर दुकानांच्या पाट्यांवर ठेवून चालणं. महालात जे बघायचं ते पहिल्या मजल्यावर आहे: लाकडी सज्जे, कोरीव तुळया, झरोके. नऊनंतर रहदारी वाढली की मान वर करायला सवड मिळत नाही.

चितार ओळी: ॲक्वा लाइनवर याच नावाचं स्टेशन आहे. ही मूर्तिकारांची वस्ती. आषाढापासून गणपती, त्यामागून दुर्गा, आणि पोळ्याआधी तान्ह्या पोळ्याचे, म्हणजे मुलांच्या पोळ्याचे, लाकडी नंदी. जायची वेळ दुपार ते संध्याकाळ, कारण माती सकाळी मळली जाते आणि बघण्यासारखं हातकाम, रंगकाम पुढे चालतं. फोटो विचारून काढा, ओल्या मूर्तीला हात लावू नका आणि कारागिराच्या उजेडात उभे राहू नका. सणांचा हंगाम नसेल तर ही गल्ली वगळली तरी चालेल.

इतवारी: कामाच्या दिवशी सकाळी अकरापूर्वी. सराफा, किराणा, मसाल्याचे ठोक व्यापारी. रविवारी बरीच घाऊक दुकानं बंद असतात. ‘इतवारी’ या नावाला भुलून रविवारी येणारे रिकाम्या गल्ल्या बघून परततात.

गोळीबार चौक, टिमकी, पाचपावली: हा हलबा-कोष्टी विणकरांचा पट्टा. सावजी जेवणाचं मूळ इथे आहे, त्याविषयी पुढे.

मोमिनपुरा: दोसर वैश्य चौक स्टेशनवरून चालत. संध्याकाळी सातनंतर. रमजानमध्ये इफ्तारनंतर गल्ली रात्रभर जागी असते; शुक्रवारी दुपारी नमाजाच्या वेळी मात्र मध्येच घुसू नका.

सिव्हिल लाइन्स आणि सदर: हा इंग्रजी अमदानीचा भाग आणि पायी फिरायला सगळ्यात सोपा. ऑरेंज लाइनवर झिरो माइल फ्रीडम पार्क स्टेशनला उतरा. झिरो माइलचा दगडी खांब आणि चार घोडे पाच मिनिटांत बघून होतात. त्याच परिसरात गोवारी शहीद स्मारक आहे, त्याच्यासमोरून बहुतेक पर्यटक न थांबता जातात. २३ नोव्हेंबर १९९४ च्या मोर्चातल्या चेंगराचेंगरीत ११४ गोवारी बांधव गेले, त्यांचं हे स्मारक. तिथून अजब बंगला, म्हणजे १८६३ साली स्थापन झालेलं मध्यवर्ती संग्रहालय. नागपूरकर लहानपणी शाळेच्या सहलीत एकदा जातो आणि पुन्हा फिरकत नाही, म्हणून आत निवांतपणा मिळतो. शिलालेख, मूर्ती आणि आदिवासी जीवनाची दालनं यांना दीड तास द्या. सोमवारी बंद. पुढे सदरमध्ये ऑल सेंट्स कॅथेड्रल आहे. त्याचा आराखडा जॉर्ज बॉडली या इंग्रज वास्तुकाराचा, ज्यानं पुढे वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय कॅथेड्रलच्या आराखड्यावरही काम केलं. प्रार्थनेची वेळ टाळून जा.

आणखी एक ठिकाण, मुलं बरोबर असतील तर हमखास: मोतीबागचं नॅरोगेज रेल्वे संग्रहालय, कडबी चौक स्टेशनजवळ. सातपुड्यातल्या अरुंद रुळांच्या गाड्या आता बंद पडल्या, त्यांची इंजिनं आणि डबे इथे आहेत. हेही सोमवारी बंद. थोडक्यात, सोमवार हा नागपुरात पेठा बघण्याचा वार, संग्रहालयांचा नव्हे.

विचारायचं कुणाला आणि काय

‘इथे चांगलं जेवण कुठे मिळतं?’ हा प्रश्न वाया जातो. लॉजच्या काउंटरवरचा पोरगा पाहुण्याला शोभेल असं, म्हणजे एसी आणि टेबलक्लॉथ असलेलं हॉटेल सांगतो. प्रश्न असा हवा की उत्तर देणाऱ्याला स्वतःचं ताट आठवावं:

‘भाऊ, रविवारी घरी पाहुणे आले तर मटण कुठून आणता?’

‘काकू, पाटोडी घरी करत नाही तेव्हा कुठली मागवता?’

‘इकडचे दुकानदार सकाळी पोहा कुठं खातात?’

रिक्षावाला, पानटपरीवाला आणि बाजारातला एखादा दुकानदार, अशा तिघांना विचारा. एकाच ठिकाणाचं नाव दोघांनी घेतलं तर तिथे जा. तिघांनी तीन नावं सांगितली तर बिघडत नाही, वस्ती तरी कळते. रिक्षावाल्याला मात्र त्याच्याच रिक्षात बसल्यावर विचारू नका, बाहेर उभा असताना विचारा. बसल्यावर दिलेल्या सल्ल्यात कधी कधी मीटरही धावत असतं. हिंदीत विचारलंत तरी चालतं, नागपुरात दोन्ही भाषा एकाच वाक्यात नांदतात. जुन्या पेठांतल्या वयस्क माणसांशी मराठीत बोललात तर उत्तर लांब आणि कामाचं मिळतं.

फोनवर शोधणार असाल तर देवनागरीत शोधा. ‘सावजी भोजनालय’ असं लिहिलं की छोट्या पाट्या वर येतात, इंग्रजीत लिहिलं की मोठी हॉटेलं. मग तीन गोष्टी बघा. फोटो मालकानं टाकलेत की गिऱ्हाइकांनी. अभिप्रायांत पदार्थाचं नाव आहे की नुसतं ‘छान, अप्रतिम’. आणि गर्दीचा आलेख कोणत्या वेळी चढतो. सावजीची गर्दी एक ते अडीच आणि रात्री आठनंतर दिसायला हवी. आलेख दिवसभर सपाट असेल तर ते पर्यटकांचं ठिकाण समजा. ताऱ्यांवर जाऊ नका. अस्सल सावजीला बाहेरगावचे लोक ‘फार तिखट’ म्हणून एक तारा देऊन जातात.

सावजी: पाटी सगळीकडे, रस्सा थोड्या ठिकाणी

सावजी हे हलबा-कोष्टी समाजाचं जेवण. आज ते नाव हायवेवरच्या ढाब्यापासून मॉलपर्यंत सगळ्यांनी लावलं आहे. खरं कसं ओळखायचं?

आधी मेनू. मटण, चिकन, खिमा, कलेजी, खूर, सुंदरी (बकऱ्याची आतडी), अंडाकरी, आणि शाकाहारात डाळकांदा, पाटोडी, भरीत. एवढ्यावर यादी संपली तर बसा. पनीर बटर मसाला आणि हक्का नूडल्स दिसले तर उठा. एकच मसाला रोज वाटणाऱ्या स्वयंपाकघराला या दोन्ही गोष्टी जमत नाहीत.

मग रंग. सावजी रस्सा काळपट तपकिरी असतो, वर तेलाचा तवंग. भडक लालभडक रस्सा म्हणजे बहुधा रंग किंवा नुसत्या मिरचीचा मारा. भाजलेल्या खड्या मसाल्यांत खसखस, दगडफूल, काळी मिरी, सुंठ असं बरंच काही येतं, दाटपणाला अनेकजण ज्वारीचं पीठ लावतात आणि जुन्या पद्धतीत जवसाचं तेल वापरतात. म्हणून चांगल्या सावजीचा तिखटपणा जिभेच्या टोकावर थांबत नाही, तो घशात हळूहळू चढतो. पहिल्या घासाला ‘एवढं काही नाही’ वाटतं आणि चौथ्या घासाला घाम येतो. पहिल्याच घासाला डोळ्यांत पाणी आलं तर मिरची जास्त पडली आहे, कसब कमी.

वेळ पाळा. चांगल्या भोजनालयात सकाळचं मटण एकदाच शिजतं. साडेबारा ते दीड ही योग्य वेळ. अडीचनंतर सुंदरी, कलेजी, खूर संपलेले असतात आणि रस्सा उरला असला तरी आटून खारट झालेला असतो. सोमवार, गुरुवार, शनिवारी अनेक घरांत मांसाहार नसतो, त्यामुळे त्या दिवशी खप कमी. बुधवार, शुक्रवार, रविवार गाठा, माल ताजा फिरतो. श्रावणात आणि नवरात्रात जायचं तर आधी फोन करून विचारा.

मागवण्याची पद्धत: दोघांत एक प्लेट मटण, एक अंडाकरी आणि ज्वारीच्या भाकऱ्या. पहिल्यांदा फक्त रस्सा वाटीत घेऊन भाकरीचा तुकडा बुडवून बघा. झेपला तर पुढे सुंदरी किंवा खूर. कच्चा कांदा आणि लिंबू भरपूर मागा. तिखट लागलं तर पाणी पिऊ नका. मिरचीतला झणका पाण्यात विरघळत नाही, उलट तोंडभर पसरतो. दही किंवा ताक मिळालं तर उत्तम, पण बऱ्याच जुन्या ठिकाणी ते ठेवतच नाहीत, म्हणून ताकाची पिशवी बाहेरूनच घेऊन जा. ‘तिखट कमी करून द्या’ असं सांगू नका. रस्सा आधीच तयार असतो, कमी करायचा म्हणजे त्यात गरम पाणी ओतायचं.

शाकाहारी मंडळींनी पाटोडी रस्सा मागावा. बेसनाच्या वड्या रश्शात पडून पाच-सात मिनिटं झालेल्या असाव्यात. आधीपासून बुडवून ठेवल्या तर फुटून पिठलं होतं. ‘पाटोडी वेगळी आणा, रस्सा वेगळा’ असं सांगितलं की हा प्रश्न मिटतो. सामिष भोजनालयात बसत असाल आणि पाळत असाल तर रश्शाचं भांडं आणि डाव वेगळे आहेत का, हे सरळ विचारा. फक्त शाकाहारी सावजी देणारी दुकानंही शहरात आहेत.

मटणासोबत लंबी रोटी मिळाली तर सोडू नका. गव्हाची अतिशय सैल कणीक दोन्ही हातांवर झुलवत पातळ करून, उपड्या माठावर भाजतात. हे काम बहुतेक ठिकाणी बायकाच करतात आणि बहुधा संध्याकाळी. रोटी पाच मिनिटांत खायची असते. पार्सल करून लॉजवर नेली तर वाफेनं लगदा होतो.

सकाळ: तर्री पोहा

कस्तुरचंद पार्कचा परिसर या कामासाठी प्रसिद्ध आहे आणि तिथला पोहा खरंच चांगला असतो. पण प्रत्येक चौकात एक गाडा आहे, त्यामुळे नियम लक्षात ठेवलेला बरा. सकाळी सहा ते नऊ. पोहा वाफेवर मोकळा ठेवलेला असावा, तर्री वेगळ्या पातेल्यात उकळत असावी, तिच्यात काळे चणे तळाशी नव्हे तर डावासरशी वर यावेत. दहानंतर पातेल्यात पाणी वाढत जातं; तवंग गेला आणि चणे फुटले की समजा ही दिवसाची शेवटची तर्री. पहिल्यांदा खाणाऱ्यानं ‘तर्री वेगळी द्या’ म्हणावं आणि हवी तेवढी ओतून घ्यावी. वर कच्चा कांदा आणि लिंबू. तिथेच आलूबोंडा मिळतो, तोही तर्रीत बुडवूनच खायचा. टपरीवर खर्रा घोटताना दिसेल. तो तंबाखूचा प्रकार आहे, स्थानिक खाऊ समजून चाखू नका.

जे हॉटेलात मिळत नाही

वडाभात, गोळाभात, पुडाची सांबारवडी ही वैदर्भी घरची राणी मंडळी. सांबार म्हणजे इथे कोथिंबीर, म्हणून ‘सांबारवडी’ ऐकून सांबारात बुडवलेलं काही येईल अशी अपेक्षा ठेवू नका. कोथिंबीर स्वस्त आणि कोवळी असते त्या हिवाळ्यात ती उत्तम लागते, सोबत कढी. हे पदार्थ शोधायचे तर उपाहारगृहं सोडा आणि धरमपेठ, गोकुळपेठ, महाल भागातली गृहउद्योगाची दुकानं, घरगुती खाणावळी आणि बचतगटांचे स्टॉल बघा. बऱ्याच ठिकाणी वडाभात रोज नसतो, ठरावीक वारी असतो किंवा आदल्या दिवशी सांगावा लागतो. म्हणून पोचल्या दिवशीच फोन करून ठेवा. वडाभातावर फोडणीचं गरम तेल वरून ओतून घ्यायला विसरू नका, त्याशिवाय तो कोरडा वाटेल आणि दोष पदार्थावर जाईल.

मारबत, जमल्यास

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, तान्ह्या पोळ्याला, इतवारी-बुधवारी भागातून काळी आणि पिवळी मारबत, म्हणजे मोठ्या पुतळ्यांची मिरवणूक, निघते. काळीची परंपरा १८८१ पासूनची, पिवळीची १८८५ पासूनची. सोबत बडगे, म्हणजे त्या वर्षीच्या चीड आणणाऱ्या माणसांचे आणि गोष्टींचे पुतळे. गर्दी प्रचंड असते. दोन्ही मारबती जिथे भेटतात त्या चौकात उभं राहण्याची हौस पहिल्या खेपेला टाळा. मिरवणुकीच्या वाटेवरच्या एखाद्या दुकानाच्या ओट्यावर, मालकाला विचारून, सकाळी लवकर जागा धरा. पाकीट पुढच्या खिशात, पायात बंद चपला, आणि परतीसाठी रिक्षा न शोधता चालत मेट्रो गाठा.

सोबत न्यायचं

संत्री घ्यायची तर हंगाम विचारा. आंबिया बहाराची फळं साधारण ऑक्टोबर ते डिसेंबर, मृग बहाराची फेब्रुवारी ते एप्रिल. मृगाची जास्त गोड मानतात. सालीचा रंग बघून घेऊ नका, हिरवट फळही गोड निघतं. हातात जड लागणारं, साल किंचित सैल असलेलं निवडा, आणि पेटी घेण्याआधी एक फोडून चाखा. मे महिन्यात कुणी ‘ताजं नागपुरी’ म्हणून विकत असेल तर ते शीतगृहातलं असणार.

सावजी मसाला इतवारीत सुटा मिळतो, पण पिशवी उघडून वास घेऊनच घ्या आणि पाव किलोवर जाऊ नका, दोन-तीन महिन्यांत सुगंध उडतो. रस्सा गाडीत न्यायचा असेल तर प्लास्टिकच्या पिशवीत अजिबात नको, गरम तेलानं ती सुटते. घट्ट झाकणाचा स्टीलचा डबा घरूनच आणा, रस्सा कोमट झाल्यावर भरा, फोडी आणि रस्सा वेगळे ठेवा, आणि उन्हाळ्यात सहा तासांपेक्षा लांबचा प्रवास असेल तर तो विचारच सोडा.